फ्लू शॉट आणि माझं बहुमत

२७ ऑक्टोबर २००७, शनिवार. नोव्हाय, मिशिगन.
नात झाली! सात पौंड दोन औंस. यामिनी सुखरूप. हॉस्पिटलात काचेतून पाहिली. नाक माझं. घरी आली की पहिली मी घेणार, असं जाहीर केलं. कोणी हरकत घेतली नाही.

३० ऑक्टोबर
हरकत घेतली. यामिनीचा फोन. त्यांचे पीडियाट्रिशियन म्हणे, सहा महिन्यांपर्यंत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या सगळ्यांनी घ्यायची. बाबा, नो शॉट, नो बेबी. हे मला, जिला मी सायकल शिकवली ती सांगते! प्रतिमाने तर बाळंतपणाची बॅग भरतानाच शॉट घेऊन टाकला, नवऱ्याला न विचारता. ती आता ॲन आर्बरला लेकीकडे. मी इथे एकटा, फ्रीजरमध्ये आमटीचे सात डबे.
घेणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३१ ऑक्टोबर
दंडावर देवीच्या लसीचे दोन व्रण आहेत. आरशात नीट पाहिले. एकदा टोचली की जन्माचं काम, त्याला लस म्हणतात. दरवर्षी घ्यावी लागते ती लस कसली, मॅगझिनची वर्गणी झाली. शिवाय आम्ही साताऱ्याला नळाचं पाणी न उकळता प्यायलेली माणसं. हे यामिनीला ऐकवलं. ती म्हणाली, बाबा, दॅट इज नॉट अ थिंग.

४ नोव्हेंबर, रविवार
बारसं २४ तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला. म्हणजे वीस दिवस आहेत. पुष्कळ झाले. चौतीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकची क्वालिटी तपासली, डेटाशिवाय बोलायची सवय नाही. इंटरनेटवर वाचलं: अमेरिकेत पासष्टच्या पुढचे बहुतेक लोक फ्लू शॉट घेतात, पण पन्नास ते चौसष्टमधले निम्मेसुद्धा घेत नाहीत. मी चौसष्ट. म्हणजे देश माझ्या बाजूला आहे! आता आपल्या लोकांचा सर्व्हे करायचा, एक्सेलमध्ये चार्ट काढायचा आणि यामिनीपुढे ठेवायचा.

१० नोव्हेंबर
ग्रोसरी स्टोअरमध्ये दूध आणायला गेलो. तिथल्या फार्मसीत शॉट देतात. सहज त्या बाजूने गेलो. रांग फार लांब होती. दोन माणसं. परत आलो. दूध राहिलं.
सुईला घाबरतो असं प्रतिमा सगळ्यांना सांगते. साफ खोटं. एकोणनव्वद साली ब्लड टेस्टला चक्कर आली ती उपाशी होतो म्हणून.

१७ नोव्हेंबर, शनिवार. रात्री आठ.
महाराष्ट्र मंडळाची दिवाळी. फराळाच्या टेबलापाशी उभा राहिलो, म्हणजे कोणी सुटणार नाही. एकसष्ट जणांना विचारलं. प्रत्येकाशी हात मिळवला, प्रत्येकाबरोबर चिवडा खाल्ला. एकाच ताटलीतून. त्याशिवाय माणसं मोकळी बोलत नाहीत.
लहान मुलं: मॉम मेड मी. ही संमती नव्हे, मोजली नाही. मंडळातल्यांचाच मुलगा अंकुर आणि त्याचे युनिव्हर्सिटीतले मित्र: काका, शॉटबरोबर पिझ्झा फ्री होता यार. ही लाच, हीसुद्धा बाद. तिशी-चाळिशीतले म्हणाले वेळ नाही, घ्यायचाय. मी फक्त ‘वेळ नाही’ लिहून घेतलं. माझा गट, पन्नास ते चौसष्ट: चौदापैकी नऊ जण नाही म्हणाले. नऊ! त्यातले चार खोकत होते, पण ठाम होते. पासष्टच्या पुढचे सगळे घेऊन मोकळे. मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ, आमच्या घरच्यासारखे श्रीरामकाका एक्याऐंशीचे, त्यांनी बाही वर करून टोचलेली जागा दाखवली आणि विचारलं, तुझं काय रे त्र्यंबक?
मी म्हटलं, बहुमत माझ्याकडे आहे.

१८ नोव्हेंबर
चार्ट तयार. तीन रंगांत. ईमेल केला. यामिनीचं उत्तर एका ओळीत: बाबा, मंगळवारी तुमचा पासष्टावा वाढदिवस आहे.
हे लक्षात आलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, मंगळवार
वाढदिवस. एका रात्रीत अल्पमतात. हरकत नाही, खरा माणूस एकटाच असतो. अंग जरा मोडून आलंय. मंडळाच्या करंज्या शिळ्या असाव्यात.

२१ नोव्हेंबर
एकशे दोन. थर्मामीटर जुना आहे, कॅलिब्रेट केलेला नाही. पुन्हा लावला. एकशे दोन पॉइंट चार. खोकला हीटिंगमुळे. हा फ्लू नाही. प्रतिमाला फोनवर सांगितलं, आवाज बसलाय तो दिवाळीत गप्पा मारल्याने. यामिनीने फोन घेतला आणि म्हणाली, बाबा, डोन्ट कम. रागावली नव्हती. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ताप उतरवायला टायलेनॉलच्या दोन गोळ्या घेतल्या आणि स्वतः होऊन गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. रांग नव्हती. खुर्चीत बसलो, बाही वर केली, डोळे मिटून घेतले. नर्स चांगली होती. आजारी आहात का विचारलं. मी म्हटलं नाही, आणि खोकलो ते थांबेचना. तिने ताप पाहिला. म्हणाली, सर, आज नाही देता येणार, बरे झालात की या. मी म्हटलं, उद्या नातीचं बारसं आहे. तिने अभिनंदन केलं. म्हणाली, आज दिला असता तरी लागू पडायला दोन आठवडे लागतात. आणि मला तोंडावर लावायला मास्क दिला.
पार्किंग लॉटमध्ये बराच वेळ बाही तशीच वर होती.

२४ नोव्हेंबर
बारसं झालं. फोन पाळण्याजवळ ठेवला होता. बायकांचं गाणं ऐकलं. नाव अनुष्का. मी इथे दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिला घ्यायचं होतं मला.
प्रतिमा म्हणाली, श्रीरामकाकांच्या मांडीवर अर्धा तास शांत झोपली. मग यामिनी फोनवर आली. म्हणाली, बाबा, ताप गेला की आठवडाभराने शॉट घ्या, मग दोन आठवडे थांबा, मग या. मी म्हटलं, विचार करून सांगतो, असं कोणाच्या दबावाखाली मी काही करत नाही.
फोन ठेवला आणि कॅलेंडर काढून मोजलं. परत मोजलं. पंधरा डिसेंबरच्या आत काही होत नाही. तोवर ती सात आठवड्यांची होईल.