येणाऱ्या गाड्यांचा रकाना

नगर,
१८ नोव्हेंबर १९९९

प्रिय तुषार,

तुझी मेल सोमवारी मिळाली. तिचं उत्तर मेलनेच द्यायला हवं होतं, पण की-बोर्डपुढे बसलो की मी तुझ्या हाताखालच्या माणसासारखं लिहायला लागतो. म्हणून कागद घेतला. अमेरिकेत पोचायला पंधरा दिवस तरी लागतील. तोवर तुझ्या वडिलांना, भाऊंना, जाऊन महिना होईल, म्हणजे घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

भाऊ सहा महिने दर रविवारी माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये यायचे, हे मी तुला कळवलं होतं. तू एका शब्दात 'गुड' म्हणाला होतास. ते पाथर्डीहून पहिल्या गाडीने निघायचे, माळीवाड्याच्या स्टँडवरून चालत यायचे आणि नको म्हटलं तरी चपला दाराबाहेर काढायचे. मी फोन जोडायचो, मोडेम किरकिरायचा आणि इंटरनेटवरचं तुझं पान वरून खाली सावकाश उतरायचं. आधी तुझं नाव, मग डाव्या बाजूच्या रकान्यात तुझं कॉलेज, कंपनी, तिकडचे मित्र, लाल गाडी, आणि सगळ्यात शेवटी मधोमध तू. तुझा फोटो पुरता दिसेपर्यंत भाऊ बोलायचे नाहीत. पान किती वेळा उघडलं गेलं त्याचा आकडा खाली असतो ना, तो बघून म्हणायचे, "लई मानसं बघत्यात." त्यातले निम्म्याच्या वर ते स्वतःच होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

ते डेपोत गाड्यांचे फलक रंगवायचे आणि आपण दोघं शिडीखाली रंगाचे डबे धरून उभे राहायचो, आठवतं? काळ्यावर पिवळी अक्षरं. डावीकडे जाणाऱ्या गाड्या, उजवीकडे येणाऱ्या, आणि तळाशी एक ओळ मोकळी. नवी गाडी सुरू झाली तर सगळा फलक पुसायला नको म्हणून. तर मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या जानाऱ्या झाल्या. येनाऱ्यांचा रकाना कुठं हाय?" मी हसलो. ते हसले नाहीत. उजवीकडे एक पट्टी काढून तिच्यात त्यांचं नाव, तुझ्या आईचं, आक्काबाई काकूंचं नाव आणि गावाचं नाव, तिसगाव, एवढंच त्यांना हवं होतं. "पोराच्या पानावर आमी नको व्हय?" असं त्यांनी विचारलं, आणि मी शब्द देऊन बसलो.

सोपं नव्हतं ते. तुझं पान तू इतकं मापात बांधलंस की दुसरा रकाना घातला की तो बाजूला बसायचाच नाही, सगळ्याच्या खाली जाऊन पडायचा. दोन रविवार भाऊंनी तो खालीच बघितला. मग मी मधला भाग अरुंद केला आणि तो बसला. मराठी अक्षरं तिकडच्या मशीनवर दिसणार नाहीत म्हटल्यावर त्यांनी घरून पुठ्ठाच रंगवून आणला. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण अक्षर एका रेषेतून हललेलं नव्हतं. मी तो स्कॅन केला. तू पानाचा पासवर्ड मला देऊन ठेवलेलाच होतास, पण तुला विचारल्याशिवाय चढवायचं नाही म्हणून मेल केली. तुझं उत्तर मला पाठ आहे: नको, पान बिघडेल, ऑफिसातले लोक बघतात, गावाकडचं तिथे नको.

आता माझं ऐक. मी न विचारता ते चढवू शकलो असतो. केलं नाही, कारण मी घाबरलो. मला तिकडे बोलावून घेणार असं तू म्हणाला होतास आणि मी त्या एका वाक्यावर चार वर्षं काढली आहेत. आणि भाऊंना नाही म्हणायचीही छाती झाली नाही. म्हणून दुसऱ्या रकान्याचं पान मी माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवलं आणि दर रविवारी तेच उघडून दाखवायला लागलो. जगात दुसऱ्या कुठल्याही पडद्यावर ते नव्हतं. भाऊंनी पहिल्या दिवशी क्लासमधल्या सगळ्यांना शेव वाटली. डेपोत जाऊन सांगितलं, आपलं नाव अमेरिकेत लागलं. मी मान डोलवत राहिलो. इतका नालायकपणा मी आयुष्यात केला नाही.

पकडलं त्यांनीच. ऑक्टोबरात एकदा म्हणाले, "महेंद्र, हल्ली त्ये किरकिरत न्हाई." पान माझ्याच मशीनमधून उघडत होतं, फोन जोडायची गरजच नव्हती, आणि खोटा आवाज करायचं मला सुचलं नव्हतं. लाइन आधीच जोडली आहे, असं मी सांगितलं. जन्म डेपोत गेलेला माणूस. इंजिन चालू न करता गाडी निघत नाही हे त्यांना मी काय शिकवणार? एकतीस तारखेच्या रविवारी आले, रकाना नीट बघितला आणि म्हणाले, "काढून टाक त्यो. पोराचं पान बिघडंल." तुझी मेल मी त्यांना कधीच दाखवली नव्हती, तुषार. त्यांच्यासमोर मी तो पुसला. मंगळवारी सकाळी दाढी करायला बसले आणि तिथेच गेले.

आणि सोमवारी तुझी मेल आली: उजवीकडे एक कॉलम करून बाबांचा फोटो टाक, काळी चौकट दे, इथले लोक चौकशी करतात. दहा मिनिटांचं काम आहे. तीन दिवस झाले, माझा हात जात नाही. मी ते करणार नाही, आणि तिकडे येण्याचं आता माझ्या मनातही नाही. पासवर्ड बदलून घे. भाऊंचा पुठ्ठा सोबत पाठवतोय, रकाना तूच कर. पुठ्ठ्यावर तिसगावच्या खाली एक ओळ मोकळी दिसेल. ही कुणाची, म्हणून मी त्यांना विचारलं होतं. "ती तुषारची," म्हणाले. "वेळ कळली की भरू."

एके काळचा तुझाच,
महेंद्र