मोरीखालचा बंधारा

कशेडीच्या अलीकडची वाडी, २४ नोव्हेंबर २०२४

ती. अश्वजितदादास, धाकट्या शर्मिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शाळेत रेंज नाही, म्हणून कागद. माझी सातवीची पोरं तीन आठवडे ओढ्यात पानं सोडून पाण्याचा वेग मोजत होती. गोण्यांचा बंधारा विहिरीजवळच्या उंबराखाली हवा, असं त्यांनी ठरवलं; राहीबाई म्हातारीनेही मान डोलावली. पण बंधारा बांधून देणाऱ्या संस्थेच्या साहेबांनी रस्त्याच्या मोरीखालची जागा धरली. तिथे पाणी गोट्यांतून झिरपून जातं. पण गाडी तिथवर जाते आणि बॅनर पुरता मावतो!

हसण्यावारी नेऊ नकोस. विहीर दरवर्षी फेब्रुवारीत आटते आणि माझी हुशार अक्षदा शाळा सोडून हंडा उचलते. यंदा आटली तर तिला शाळेतून कायमची काढीन, असं तिच्या बापाने, सोनबाने, सांगून टाकलंय. संस्थेची फाईल तुमच्याच सरकारी कार्यालयात आहे, तिथे तुझा शब्द चालव ना जरा.

लोभ झिरपू देऊ नये,
शर्मिला

महाड, ३ डिसेंबर

चि. सौ. शर्मिलास, अ. उ. आ.

माझा शब्द फक्त चहावाल्याकडे चालतो, गो बाय! जागा बदलणार नाही, कारण फायलीत मोरीचा फोटो लागलाय. तोही ऑगस्टातला, दुथडी भरलेला. आता पाणी तिथे थांबलं नाही तर चूक पाण्याची. बॅनरची दोरी धरणारी पोरं ‘प्रत्यक्ष सहभागा’त धरली आहेत.

मात्र रविवारी पोरांनी ओढ्यात खेळू नये, असा शासननिर्णय माझ्या पाहण्यात नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या एसटीने पाठवतोय. पत्र वाचून चुलीत घाल.

माया ठेवावी, कामं सांगू नयेत,
तुझा दादा

वाडी, १९ जानेवारी २०२५

दादा, जयभीम. राग आलाय, बाकी मायना गिळते.

पोरांनी चार रविवार गोण्यांत माती भरली. उंबराखाली कमरेइतकं पाणी साठलं, खाली मोरीजवळ संस्थेच्या बंधाऱ्यात ठणठणाट. काल त्या बंधाऱ्याचं उद्घाटन होतं. साहेब घामाघूम होऊन वर आले नि म्हणाले, की हा बांध फोडा, फोटोपुरतं पाणी खाली येऊ द्या, उद्या परत बांधा. अक्षदा रडायलाच लागली. राहीबाई सरळ बांधावर जाऊन बसली. म्हणाली, की फोडायचा तर माज्यासकट फोडा, मी काय उठनार नाय.

मग अर्ध्या तासात टँकर आला. अकरा वर्षं अर्ज करून न आलेला टँकर, दादा! मोरीखाली ओतायच्या आधी बायांनी हंडे लावले. रांग मीच लावून दिली. उरलेलं पाणी फीत कापेपर्यंत टिकलं. पाहुणे भाषणात कोरड्या गोट्यांकडे हात करून जलक्रांती दाखवत होते.

रागासकट तुझीच,
शर्मिला

महाड, ३ मार्च

चि. शर्मिलास, आशीर्वाद.

अहवाल आला. वाडी टँकरमुक्त झाली, म्हणून तुमचा टँकरचा अर्ज निकाली. तो कागद मलाच टंकावा लागला, लाज वाटली. विहिरीचं कळव. आई रोज विचारते.

दादा

वाडी, १० मार्च

ती. दादास, जयभीम.

विहिरीच्या चार पायऱ्या अजून पाण्यात आहेत. अहवालात आमचा बांध नाही ते बरंच झालं, कुणी फोडायला येणार नाही. आज हजेरी घेताना अक्षदाचं नाव पुकारलं आणि दरवर्षीच्या सवयीने उत्तराची वाट न बघता पुढे गेले. तर मागच्या बाकावरून ती ओरडली, की बाई, मी हाय ना!

आईला एवढंच सांग.

तुझी,
शर्मिला