बापूंच्या सायकलीला मोटर बसवल्याची हकीकत

छत्रपती संभाजीनगर
नळाचा दिवस उद्या, म्हणजे बहुधा परवा

ति. कालिंदीवन्सं यांना धाकट्या भावजयीचा पिठानं भरलेल्या हातांनी वाकून नमस्कार. (वाकलेली तुम्हाला चिंचवडहून दिसणार नाही, म्हणून लिहून कळवते.) गुडघे कसे आहेत? सासूबाई म्हणतात, लिफ्ट आहे तर गुडघ्यांना काय धाड भरली. पण लिफ्ट बंद पडली की तुमचा फोन इकडं खणखणतो, म्हणून मला आपली काळजी. आमचं बरं चाललंय. ऊन आहे, दुष्काळ आहे, गल्लीत नव्या पाइपलाइनचा चर आहे आणि त्या चरात पाणी सोडून सगळं आहे. गेल्या आठवड्यात तिथं एक कुत्री व्याली. पाण्याआधी तिचीच वस्ती झाली म्हणायची.

आता मुद्द्यावर येते. बिल्डरचा कागद तुमच्याकडं पोचला, आणि तुम्ही सासूबाईंना विचारलंत की घरोघरी तयार आट्याच्या पिशव्या आल्यावर गिरणी ठेवून राजनंदिनी करणार काय? प्रश्न रास्त आहे. तुमची आणि तुमच्या बंधूंची अशा दोन सह्या झाल्या की बापूंची गिरणी पडणार नि तिथं सहा मजले उभे राहणार, हे मला कळतं. म्हणून सही करण्याआधी एवढं पत्र वाचा. मग करा. (करू नका.)

गिऱ्हाईक गिरणीला विटलेलं नव्हतं, वन्सं. लांब गेलं होतं. शेंद्र्याची जमीन कारखान्यांत गेल्यावर बापूंनी इथं गिरणी टाकली, तेव्हा भोवताली चार गल्ल्या होत्या. आता बायपासच्या पलीकडं टॉवर झालेत. तिसऱ्या मजल्यावरून दळणाचा डबा घेऊन भर उन्हात कोण उतरणार? तेव्हा मी ठरवलं, की दारातून धान्य आणायचं आणि दारात पीठ पोचवायचं. पेट्रोलवर हा धंदा परवडत नाही, म्हणून बॅटरीची गाडी. हे वाळूजच्या कंपनीत मशिनी जुळवतात, त्यामुळं घरात गाडीची निवड म्हणजे मुलीचं स्थळ बघावं तशी झाली. पहिलं स्थळ तयार मालवाहू सायकलीचं. फोटोत पुढच्या पेटीत दोन गोरी पोरं आणि एक कुत्रं हसत बसलेलं. (आमच्या गल्लीतलं कुत्रं पेटीत बसत नाही, पेटीमागं धावतं.) दुसरी तीनचाकी. माल भरपूर घेते, पण चरामुळं गल्ली अशी झालीय की माणूस नि म्हैस समोरासमोर आले तर माणसालाच माघार घ्यावी लागते. तीनचाकी वळायची कुठं? शेवटी माझी नजर गेली ती भिंतीला टेकलेल्या बापूंच्या काळ्या सायकलीवर. शेंद्र्याहून दुधाचे कॅन आणायची ती. ओझ्याची सवय असलेली. आम्हा सुनांसारखी.

तुम्ही फोनवर म्हणालात, आमच्या बापूंच्या सायकलीला हात लावायचा नाही. हात फक्त सांडू मिस्त्रीनं लावला. मागच्या चाकात मोटर, चाकाला जाड तारा, दांडीखाली बॅटरी, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, कॅरिअर दीड हात लांब आणि दोन पायांचा स्टँड. बॅटरी कुठं ठेवायची यावरून सांडू नि तुमचे बंधू यांच्यात तीन रविवार भांडण झालं. (दोघंही चूक होते. उन्हात ठेवली तर ती तापते, हे शेवटी सासूबाईंनी हात लावून सांगितलं, आणि सांडूनं तिला पत्र्याची सावली केली.) मग पूजा. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू, गल्ली जमलेली. मी बसले, मूठ पिळली आणि सायकल मागं गेली! मोटरच्या वायरी उलट्या जोडलेल्या. लिंबू पुढं जसंच्या तसं, आणि चाक सांडूच्या पायावर. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आवं, त्येंचीच सायकल हाय. त्ये तरी कदी सांगितल्या दिशेला गेले?" आणि सांडू पाय धरून एका पायावर नाचत म्हणतो, "वहिनी, काय बी म्हणा, दम तो है!"

दम आहेच. वायरी सुलट झाल्यावर मी दळणाचे आठ डबे घेऊन बायपासचा चढ चढले. पायडल मारायचं ते केवळ लोकलाजेस्तव. एका रिक्षावाल्याला मागं टाकलं तेव्हा तो ज्या नजरेनं बघत राहिला, तसं मला लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. (तुमचे बंधू त्या वेळी जेवणावळ बघत होते.) महिन्याभरात दोन टॉवर माझे झाले.

आता संकट सांगते, कारण लपवून तुमच्यापासून काय राहतं? ही सायकल आवाज करत नाही. आपल्या कॉलनीचे अध्यक्ष नानासाहेब (बिल्डरचा कागद तुमच्या बंधूंकडं घेऊन आले ते हेच) कानात वायरी घालून रस्त्याच्या मधोमध फिरत होते. मी घंटी वाजवली, ओरडले, शेवटी ब्रेक दाबला. ब्रेक असा लागला, वन्सं, की सायकल जागच्या जागी उभी! अभिमान वाटला. डबे मात्र थांबले नाहीत. ज्वारीचे डबे कडीचे, ते शाबूत राहिले. गव्हाचे चार डबे नुसत्या झाकणाचे, ते शेजारच्या चंपाबाईंच्या ताडपत्रीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन उघडले. बाया जमल्या. ताडपत्रीवर गव्हाचे दोन ढीग. एक टपोरा, सोनेरी, महागड्या सिहोरचा. दुसरा बारका, तांबूस, खड्यांसकट. तो रेशनचा, हे शेंबडं पोरही सांगेल. पाऊस नाही, गव्हाचे भाव चढलेले, रेशनचं आणलं तर त्यात वावगं काय? पण आपल्या कॉलनीत सगळे सिहोरच खातात. निदान बोलताना. सोनेरी ढिगावर एकदम चार घरांचे हात पडले, त्यांत नानासाहेबांचाही. तांबूस ढीग बेवारस.

"हात काढा! माझ्या विहिणीनं धाडलेले गहू हायेत हे!" चंपाबाईंनी पदर खोचला. "कुरडया बी माझ्या अन् गहू बी माझे!"

"चंपाबाई, आम्ही काय रेशनचे खातो का?" नानासाहेब.

"मग हे बारके कुणी खाल्ले असते, म्हशीनं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. कुणाच्या डब्यात काय येतं ते मीच ओतते ना! खरं बोलले असते तर तीन घरं गेली असती आणि त्यांच्यामागं अख्खे टॉवर. खोटं बोलले असते तर चंपाबाईंचे गहू गेले असते. मी बारक्या ढिगापुढं बसले आणि ओंजळीनं भरू लागले. म्हटलं, हे तर माझे! काल गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावली, कच काढायला पहिला घाणा हलक्या धान्याचा घालावा लागतो, त्यासाठी आणले होते. बाकी डब्यांवर नावं आहेत, ज्याचं त्याचं पीठ संध्याकाळी घरपोच.

आणि पोचवलं. चंपाबाईंना त्यांचं, तिघांना त्यांचं. पीठ झालं की गव्हाची जात कोण बघतो? नानासाहेबांनी झाकण उघडलं, पिठाकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं टाळलं. "छान बारीक आलंय," म्हणाले. मी म्हटलं, "सिहोर आहे, बारीक येणारच." त्या दिवसापासून कॉलनीत कुणी पिशवीतल्या आट्याचं नाव काढलं की नानासाहेब घरच्या गिरणीवर व्याख्यान देतात, आणि बिल्डरचा विषय निघाला की त्यांना कामं आठवतात. आज माझ्याकडं चार टॉवर आहेत, आणि मागच्या चाकाला घुंगरू.

सासूबाई आशीर्वाद सांगतात. माझे नमस्कार तुम्ही घ्याल तेवढे.

तुमची भावजय,
राजनंदिनी

ता. क. : रेशनच्या गव्हाचं कुणाला बोलू नका. नानासाहेबांची मेहुणी तुमच्याच इमारतीत राहते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणखी ता. क. : चार नव्हे, तीन टॉवर. चौथ्यात लिफ्टजवळ सायकल लावू देत नाहीत.

शेवटचं ता. क. : तुमच्या बंधूंनी बिल्डरच्या कागदावर सही कधीच केली आहे. सायकलीच्या आधी, गिरणीत माशा मारायची वेळ आली होती तेव्हा, मला न विचारता. आता पस्तावलेत, रोज सकाळी सायकलीचे नट आवळत बसतात. म्हणजे गिरणी आता तुमच्या एकटीच्या सहीवर उभी आहे. वन्सं, लग्न झाल्यापासून मी काहीही विचारलं की तुम्ही ‘नाही’ म्हणत आलात. निळ्या शालूला नाही, माझ्या नोकरीला नाही, माझ्या हातच्या आमटीला तर दोनदा नाही. इतका पक्का नकार मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बिल्डरचा माणूस रविवारी तुमच्याकडं येतोय. त्याला तोच ऐकवा. आणि मेहेरबानी करून त्याला माझ्यापेक्षा जास्त मान देऊ नका.