टाच न मारलेली झडप

प्रिय नेरिस,

त्या रविवारी मी पावणेपाचला उठलो, चहासुद्धा न करता बोटीतून उतरलो आणि कालव्याकाठच्या वाटेनं हॅरपच्या लॉकपर्यंत, पाणी अडवून बोटी वरखाली नेणाऱ्या त्या दुहेरी दरवाज्यांपर्यंत, चालत आलो. उजाडलं होतं, पण सूर्य अजून डोंगराच्या पलीकडे होता आणि गवतावर दव म्हणून नव्हतंच, कित्येक आठवडे नव्हतं. दरवाज्याच्या लाकडी तुळईवर बसून मी खाली तुझ्या बोटीकडे बघत राहिलो. बारा दिवस ती चिखलात एका अंगावर रेलून होती. खिडकी उघडी होती आणि बोट इतकी कललेली, की पडदा भिंतीपासून वीतभर लांब, हवेत सरळ लोंबत होता. मी गावच्या शाळेत ओल्ड्रॉइड बाईंनी शिकवलेली प्रार्थना म्हटली. सावकाश, दोनदा. मग उठून परत गेलो.

हे तुला आज का सांगतो आहे, ते पुढे येईल. मला सगळं एकदम सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. खालून सायकलवरून आलेल्या एका माणसानं सांगितलं, की मार्सलीच्या धक्क्यावर तुझ्या बोटीच्या काचेत 'विकणे आहे' अशी पाटी लागली आहे. इकडे जागांची वही सांभाळणाऱ्या गॉर्डननं शुक्रवारी सगळ्या बोटवाल्यांची बैठक ठेवली होती. लॉकखालची तुझी बोट बांधायची जागा काढून घ्यायची, एवढा एकच विषय. तेव्हा पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच, आणि तोवर ती बोट कुणाला दाखवू नकोस.

इथे पाऊस नाही. लॉकच्या वरचा तो मैलभराचा टप्पा आता टप्पा राहिलेलाच नाही. मधोमध एक हिरवट ओहोळ आहे आणि दोन्ही बाजूंना चिखल वाळून भाकरीसारखा फुगला, तडकला आहे. अकरा बोटी अकरा दिशांना कलल्या आहेत. मीही तिरपा झोपतो. तिरपं झोपलं की स्वप्नंही एका बाजूला गोळा होतात, असं तू म्हणायचीस आणि मी हसायचो. आता खरंच तसं होतं. रोज तेच स्वप्न पडतं: कालवा काठोकाठ भरला आहे, सगळ्या बोटींचे दोर कुणीतरी सोडून दिले आहेत आणि त्या एकमेकींना न धडकता आवाज न करता फिरताहेत, जत्रेतल्या लाकडी घोड्यांसारख्या. त्यात तुझी बोट कुठली ते मला ओळखू येत नाही. जाग येते तेव्हा गाल भिंतीला टेकलेला असतो.

बगळा मात्र रोज येतो. उघड्या तळात चालतो, जुन्या बाबागाडीच्या सांगाड्यापाशी थांबतो, एखाद्या तपासनिसासारखी मान वाकडी करतो. आपल्या बोटीवरून बघत मॉरीन त्याला गॉर्डन म्हणते. गॉर्डनला ते माहीत आहे.

तू माझ्याकडे चहाला आली होतीस, तुझी बोट नुकतीच तळाला टेकली होती तेव्हा. माझी अजून तरंगत होती. कप टेबलावर ठेवून तू कितीतरी वेळ त्यातल्या चहाकडे बघत बसलीस. मी विचारलं, काही पडलं का त्यात. तू म्हणालीस, "नाही रे, किती सपाट आहे." मग तू सांगितलंस, की तू कपाखाली डब्याचं झाकण सरकवतेस, रात्री कूस बदलली की पलंगावरून घरंगळतेस, आणि बोटींच्या कडेला धक्का सोसायला टांगायचे दोरांचे गुंडे विणताना कललेल्या जमिनीवर पाय रोवून बसल्यानं गुडघा आणखी सुजला आहे. हसत हसत सांगितलंस. त्यानंतर चार-पाच दिवस माझं कशात लक्ष नव्हतं.

आता त्या रविवारची दुपार. मी प्रार्थनाघरात गेलो होतो. आम्ही सात जण, आणि त्या दिवशी पाद्रीसाहेबांनी पावसासाठी खास प्रार्थना ठेवली होती. मी डोळे मिटून पाणी मागितलं, मनापासून मागितलं. शेतांतून परत आलो तेव्हा पुलावर सगळे जमले होते. वरचा टप्पा रिकामा झाला होता. उरल्या डबक्यांत मासे उलटे होऊन चकाकत होते. आणि खाली, लॉकच्या पलीकडे, एकटी तुझी बोट सरळ तरंगत होती.

संध्याकाळी नळावरची ती रांग तू विसरली नसशील. मीही विसरलो नाही. हातात कॅन घेऊन मी तुझ्यामागे तिसरा होतो. गॉर्डन म्हणाला, दोन्ही दरवाज्यांतल्या झडपा चार-चार बोटं उघड्या सापडल्या, आणि शनिवारची शेवटची बोट, त्या डच माणसाची, तूच हात देऊन लॉकमधून वर काढली होतीस. तू म्हणालीस, "मी झडपा पूर्ण खाली आणल्या होत्या. टाच मारून."

"कुठल्या टाचेनं गं पोरी?" मॉरीन म्हणाली. "त्या गुडघ्यानं तुला माझ्या बोटीची पायरी चढवत नाही."

"त्या डच माणसाला मारायला सांगितली."

"आणि तो डच आता कुठे आहे? डोंगराच्या पलीकडे. बरा सापडला साक्षीदार."

"आम्ही सगळे आडवे आणि तुझीच बोट कशी गं उभी?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

मग मॉरीन माझ्याकडे वळली. मी प्रार्थनाघरात जातो म्हणून ती मला पाद्रीबुवाच म्हणते. "पाद्रीबुवा, तुम्ही काहीतरी बोला. तुमचा देव पाणी खालच्यांनाच देतो का?"

मी म्हणालो, "कॅन भरून घ्या, नळ वाहतोय." एवढंच म्हणालो. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. कुणी झोपेत बोलल्यावर पाहतात तसं.

मंगळवारी, पाणी पुन्हा उतरायच्या आत, तू निघालीस. मी काठानं वळणापर्यंत चालत आलो. तुला वाटलं असेल निरोप द्यायला आलो. खरं म्हणजे सांगायला आलो होतो. तू सुकाणूवरून हात केलास आणि म्हणालीस, "सायलस, ऊन लागेल, टोपी घाल." त्याच दिवशी दुपारी कालव्याच्या कार्यालयातली माणसं आली आणि पाचही लॉकना साखळ्या घालून कुलपं लावून गेली. आता पाऊस पडेतो कुणी हलणार नाही.

मी पाणी सोडलं, नेरिस. मी.

ती प्रार्थना सावकाश म्हटली की दोन मिनिटं लागतात. दोनदा म्हणेपर्यंत दोन्ही झडपा उघड्या ठेवायच्या, असा माझा हिशेब होता. चार मिनिटांचं पाणी. वरच्या मैलभर लांब टप्प्याला कळणारही नाही, आणि खालच्या त्या एवढ्याशा तुकड्यात तुझी बोट चिखल सोडून सरळ होईल. तू उठशील तेव्हा पडदा भिंतीला लागलेला असेल. कुणी केलं ते तुला कळायला नको होतं. पाणी आत घुमत होतं, तुझी बोट एकदा कण्हली आणि हळूच उठायला लागली, झोपलेलं जनावर उठतं तशी. मला इतका आनंद झाला की प्रार्थनेतला एक शब्द चुकला आणि तो मी पुन्हा म्हटला.

मग मी हँडल फिरवून दोन्ही झडपा खाली घेतल्या. हॅरपच्या झडपा चार बोटं वर अडकतात, आणि वरून टाच हाणली की धाडकन बसतात. हे मला ठाऊक नाही का? वीस वर्षं मी परक्या बोटवाल्यांना हेच ओरडून सांगत आलो आहे. पण तुझी खिडकी उघडी होती. त्या आवाजानं तू उठली असतीस, बाहेर आली असतीस, आणि मी तिथे हातात हँडल घेऊन उभा. म्हणून मी टाच मारली नाही. वाटलं, बसल्या असतील. वाटून घेतलं. आणि प्रार्थनाघरात जाऊन मी पाणी मागत होतो तेव्हा ते सगळं माझ्याच हातून वाहून जात होतं. निम्मं तर तुझ्याही उपयोगाला आलं नाही, सांडव्यावरून खाली पळालं.

एकोणीस दिवस मी गप्प राहिलो. रोज सकाळी ठरवायचो आणि नळावर गेलो की कुणीतरी तुझं नाव काढायचं, मग मी कॅन भरून परत यायचो. देवाला सांगून झालं होतं. पण तुझी जागा देवाच्या हातात नव्हती, गॉर्डनच्या वहीत होती.

शुक्रवारी बैठकीत, हात वर करायची वेळ आली तेव्हा मी उठलो आणि सांगितलं. सगळं, टाचेपर्यंत. मॉरीन म्हणाली, "पाद्रीबुवा, तुमच्यापेक्षा तो डच बरा." गॉर्डननं विचारलं, "पण कशासाठी रे, गड्या?" मी म्हणालो, ती सरळ झोपावी म्हणून. कुणी हसलं नाही. मॉरीननं मान खाली घातली.

तुझी जागा तुझ्याच नावावर राहिली. माझी मी सोडली. गॉर्डन म्हणाला, "लगेच नीघ म्हणून कसं सांगू, तुझी बोट चिखलात आहे. पाणी येईल तेव्हा बघू." मॉरीननं निरोप दिला आहे, की ती स्वतः तुझ्याशी बोलायला खाली येणार आहे आणि तू तिला चार शब्द सुनाव, तिला चालेल. आज सकाळी मी कार्यालयातही गेलो. तिथल्या मुलीसमोर बसून माझ्या हातानं, माझ्या नावानं सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. तू निर्दोष आहेस, हे वाक्य मी पहिलंच लिहिलं. ती पाटी काढ, नेरिस.

तुझाच,
सायलस