पोट सुटलेला तारा

तीर्थरूप बाबा,

तुमच्या मातीने भरलेल्या पायांना इथूनच हात लावते. मी बरी आहे, वेळेवर जेवते, हे आईला आधी वाचून दाखवा.

एक फजिती सांगते. इथे वेधशाळेत चार दुर्बिणींचा उजेड एकत्र करून ताऱ्यांची मापं घेतात. त्यांचे आरसे जुळवायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात अग्रनद नावाच्या ताऱ्याचं माप आलं. नुसत्या डोळ्यांना तो निळसर ठिपका दिसतो, पण रुंदी भरली उंचीच्या सव्वापटीहून जास्त. मला वाटलं, आरसा माझ्याच हातून तिरका बसला. तीन दिवस खपून सगळे आरसे पुन्हा जुळवले आणि साहेबांपुढे चूक कबूल केली.

साहेब म्हणाले, "आरसे ठीक होते, बाई. तारा तसाच आहे. सूर्याच्या सहापट वजनाचा गडी, सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने स्वतःभोवती फिरतो. कंबर फुगणारच."

मी म्हटलं, चाक जोरात फिरलं की माती पोट काढते, हे माझ्या बाबांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं.

ताई सांगत होती, आजारपणानंतर तुमची मडकी फुगीर येतात म्हणून तुम्ही चाक झाकून ठेवलंय. औषध घेताय ना? हात अजून कापतो का?

पण बाबा, चाकाला मोटर बसवलीत तीही आजारपणानंतरच. तिचा वेग जरा कमी करून बघा. मी तीन दिवस उगीच माझ्या हातांना दोष दिला. तुम्ही चार महिने देताय.

तुमची,
धाकटी