अकरा सेकंद आणि चार चॅनेल

८ फेब्रुवारी, रविवार
क्रांतीचं लग्न ठरलं. माझी सख्खी भाची. मुलगा उरणकडच्या जासईचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर. हळद २५ एप्रिलला, आमच्याच सानपाड्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. भगवानदाजी, म्हणजे तिचे वडील, जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे सगळं मामाच्या अंगावर. मी तिच्या आईला, सोनमताईला, सर्वांदेखत सांगून टाकलं: डीजे भाड्याने आणायचा नाही. मामा स्वतः वाजवणार.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आदराने असेल.

फक्त रूपेश हसला. रूपेश म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. आठवडाभर कुरियर कंपनीत, शनिवारी-रविवारी हळदींना डीजे. त्याचं मशीन इतकं जुनं आहे की अर्ध्या बटणांवर चिकटपट्टी लावलीय. आणि हा माणूस मला हसणार!

९ फेब्रुवारी, रात्री
क्रांतीचा फोन. तिला एकच गोष्ट हवी आहे: पप्पांचा आवाज. सहा वर्षांपूर्वी एका हळदीत दाजींनी माईक हातात घेतला होता. 'अंकुश, आवाज वाढव रे! आज आपल्या पोरी नाचणार!' कोणीतरी तेव्हा पाठवलेली ती क्लिप माझ्या फोनमध्ये आहे. क्रांती हळदीला बसायला बाहेर येईल तेव्हा तो आवाज गाण्यात मिसळून हॉलभर वाजला पाहिजे. म्हणाली, 'मामा, एवढंच. बाकी काय नाय वाजलं तरी चालेल.' मग रडली. मीही रडलो, पण फोन ठेवल्यावर.

क्लिप अकरा सेकंदांची आहे. मी मागेच कापून नीट केलीय. पुढे नुसता गोंगाट होता. नोंद घ्यावी: रूपेश तेव्हा मशीनवर होता, तरी दाजींनी भर हॉलमध्ये नाव घेतलं ते माझं.

संकल्प: या आठवड्यात कंट्रोलर, म्हणजे डीजेचं मशीन, घेणे.

१ मार्च, रविवार
कंट्रोलर घेतला नाही. घाई मूर्ख करतात.

ऑफिसात (महापे, स्टोअर्स विभाग) एक्सेल शीट केली. सतरा मॉडेल, तेवीस कॉलम. मुख्य प्रश्न: दोन चॅनेल की चार? दोन चॅनेलवर एका वेळी दोन गाणी मिसळता येतात, चारवर चार. रूपेशकडे दोन आहेत. झालं, माझ्यापुरता प्रश्न सुटला.

शिवाय पॅड हवेत. म्हणजे रबरी चौकोनी बटणं, दाबलं की ठरवलेली क्लिप वाजते. दाजींचा आवाज तिथे बसणार. वरच्या डाव्या पॅडवर, रंग निळा.

आयटीवाल्या ज्ञानूचा मेल आला: ऑफिसच्या लॅपटॉपवर डीजेचे व्हिडिओ बघू नका. मी एचआरकडे त्याचीच तक्रार केली. भाषा उद्धट आहे म्हणून.

८ मार्च, रविवार
वाशीच्या दुकानात गेलो. सेल्समनने विचारलं, काका, मुलासाठी बघताय का? पहिल्याच वाक्याला हा माणूस मनातून उतरला. मी जॉग व्हील, म्हणजे ती फिरवायची मोठी चकती, हाताने फिरवून पाहिली आणि म्हणालो, हलकी आहे. तो म्हणाला, काका, बंद आहे ते. मी म्हणालो, म्हणूनच कळतंय. मागे कोणीतरी हसलं. त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

१५ मार्च, रविवार
त्याच दुकानात गेलो. (सेल्समन दुसरा होता.) चार चॅनेलचा निरखून निरखून पाहिला. बायको सोबत होती. तेजश्री म्हणाली, 'तुमाला हात दोन आहेत.' दुकानात असं बोलायचं असतं का? वाटेत तिच्याशी बोललो नाही. तिने आइस्क्रीम खाल्लं. एकटीने.

२२ मार्च, रविवार
रूपेश जेवायला आला. कोणी बोलावलं माहीत नाही. म्हणाला (त्याचा दाजी मी), 'दाजी, कंट्रोलर कुठलाबी घ्या, तो नुस्ता हात आहे. डोकं लॅपटॉपमधी असतं. लॅपटॉप कुठला लावणार ते सांगा.' बघा कसा विषय बदलला! चार चॅनेल ऐकून पोटात दुखलं. मी म्हणालो, माझ्याकडे लॅपटॉप आहे. म्हणाला, 'तो हापिसचा?' मी त्याच्या ताटात मुद्दाम भाकरी वाढली नाही. त्याने स्वतः घेतली.

सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे क्रांती त्यालाही मामा म्हणते. मामा मी आहे. तो माझ्या बायकोचा भाऊ आहे. नात्याला काही हद्द असते.

६ एप्रिल, सोमवार
शीट आता एकतीस कॉलमची. नवीन कॉलम: 'रूपेशला कळेल का'.

सोसायटीचा सेक्रेटरी आप्पा भेटला. मार्केटमध्ये माथाडी होता, आता रिटायर झालाय, आणि पोती उचलायची सवय गेल्यावर लोकांची कामं अडवायची लागलीय. म्हणतो, स्पीकर धाला बंद. धा म्हंजे धा. मी त्याला सेट म्हणजे काय ते समजावलं. साडेसहाला हळूहळू सुरुवात, आठला क्रांतीची एन्ट्री, नऊपासून कळस. म्हणाला, 'कळस धाच्या आधी उतरवा.'

१४ एप्रिल, मंगळवार
जयंती. सकाळी सगळे वंदनेला गेलो. संध्याकाळी मिरवणुकीत रूपेश वाजवत होता. पट्टी लावलेल्या त्याच मशीनवर. पाच हजार माणूस नाचत असेल. मी टीकात्मक नजरेने पाहत उभा राहिलो. दोन ठिकाणी गाणं बदलताना ठेका चुकला. नाचणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते नाचत होते. सोनमताई जवळ येऊन म्हणाली, 'अंकुश, आपणबी रूपेशलाच सांगू या का रे?' सख्खी बहीण!

संकल्प: उद्या ऑर्डर. उद्या म्हणजे उद्याच.

१९ एप्रिल, रविवार
ऑर्डर केली. दोन चॅनेलचा. चार चॅनेलचा २५ तारखेच्या आत येत नव्हता. माझ्या निवडीत चूक नाही, चूक कुरियरवाल्यांची. (रूपेश कुरियर कंपनीत आहे. फक्त नोंद.)

२२ एप्रिल, बुधवार
बॉक्स आला. सुंदर आहे. उघडला नाही. सील शाबूत असेल तर सात दिवसांत परत करता येतो, आणि चार चॅनेलचा विचार अजून मनातून गेलेला नाही.

तेजश्री म्हणते, एकदा लावून तरी बघा. या बाईला तयारी आणि घाई यातला फरक कधी कळणार? तयारी सगळी डोक्यात झालेली आहे. डायनिंग टेबलावर दोन ताटल्या ठेवून तासभर सराव केला. वरचा डावा पॅड: मिठाची बाटली.

२५ एप्रिल, शनिवार
सायं. ५:४०. हॉलमध्ये सगळ्यांसमोर सील फोडलं. रूपेशला पुढच्या रांगेत बसवलं.

६:१०. कंट्रोलर लॅपटॉपला जोडला. दिवे लागले. लोक 'व्वा' म्हणाले. लॅपटॉपवर चौकट आली: कंपनीच्या धोरणानुसार बाहेरचं उपकरण जोडता येणार नाही, ॲडमिनशी संपर्क साधा.

६:१५. केबल बदलली. तेच.

६:४०. ॲडमिन म्हणजे ज्ञानू. फोन केला. अत्यंत नम्रपणे. तो म्हणाला, आज शनिवार आहे आणि माझी भाषा उद्धट आहे. ठेवला.

७:०५. रूपेश येऊन म्हणाला, 'दाजी, माझं मशीन गाडीत आहे.' मी म्हणालो, गरज नाही. म्हणजे हा तयारीनिशी आला होता! माझं वाटोळं व्हायची वाट बघत!

७:३०. आमच्यात नवऱ्याला लागलेली हळद उष्टी करून मुलीकडे आणतात, ती आल्याशिवाय मुलीला हळद लावत नाहीत. ती जासईहून निघालीय, पण उरण रोडवर ट्रेलर अडकलेत. देव असता तर आभार मानले असते. वेळ मिळाला.

८:२०. लॅपटॉप बंद करून चालू केला. तो आता अपडेट होतोय. एकवीस टक्के. पाहुणे दोन तास नुसते बसलेत. एक म्हातारी विचारत होती, कोण गेलं का?

८:५०. रूपेश पुन्हा आला. पुन्हा नाही म्हटलं. चौतीस टक्के.

९:१२. उष्टी हळद आली. दहाला आप्पा बंद करणार. आप्पा घड्याळ हातात धरून दारात उभा आहे. मनगटावर नाही, हातात. क्रांती पिवळ्या साडीत आतल्या दाराशी आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. बेचाळीस टक्के.

ती सरळ माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, 'मामा, जरा सर ना.'

सरलो.

२६ एप्रिल, रविवार, पहाटे ५
झोप नाही. सगळं लिहून ठेवतो.

रूपेशने पट्टीवालं मशीन चार मिनिटांत लावलं. मी त्याला माझा फोन द्यायला गेलो, दाजींची क्लिप म्हणून. तो म्हणाला, राहू द्या दाजी, आहे माझ्याकडे. क्रांतीने फेब्रुवारीतच मशीनवर घालून ठेवायला सांगितलंय. म्हणजे मी ठरवलं त्याच आठवड्यात पोरीने दुसरी सोय केली होती. माझ्या हातात एक्स्टेन्शन बोर्ड होता. कोणी दिला आठवत नाही.

क्रांती आत जाऊन पुन्हा बाहेर आली. ठेका खाली गेला आणि दाजी बोलले. पूर्ण हॉलमध्ये. 'अंकुश, आवाज वाढव रे! आज आपल्या पोरी नाचणार!' सोनमताई मटकन खाली बसली. मला वाटलं, झालं, आता गाणं सुरू होईल.

क्लिप थांबली नाही. रूपेशकडे पूर्ण होती.

'अरे अरे! ते नको दाबू! बंद पडलं बघ! हात काढ, अंकुश, हात काढ! रूपेश, तू घे रे बाबा, हा सगळ्यांना घरी पाठवील.' हॉलमध्ये हशा. पाहुणे, जासईची मंडळी, दारातला आप्पा, सगळे. क्रांती रडत रडत हसत होती. मी बोर्ड टाकून निघणार होतो, चप्पल शोधत होतो.

मग दाजी म्हणाले, 'चिडला, चिडला! अंकुश, कुठं चाललास? मशीन-फिशीन सोड. इकडं ये. माझ्यासंग नाच.'

मग गाणं.

क्रांतीने हात धरून ओढलं. म्हणाली, 'मामा, पप्पा बोलवतायत ना.' मी नाचलो. वाईट नाचलो. क्रांतीला हळद लागायच्या आधीच कोणीतरी माझा शर्ट पिवळा केला. आप्पाने दहा वाजून चार मिनिटांनी बंद केलं. चार मिनिटं त्याने कशी दिली ते त्यालाच माहीत.

आता खरं लिहितो, वाचणारा मीच आहे. पुढे गोंगाट नव्हता. त्या दिवशी दाजींनी हात काढायला सांगितला म्हणून मी घरी येऊन तेवढ्यावर क्लिप कापली. रागात, पुढचं न ऐकताच. तीन वर्षं रोज अकरा सेकंद ऐकत होतो. त्यांनी नंतर बोलावलं होतं, ते मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा चप्पल घालून जिन्यात होतो.

सकाळी ९
रूपेशला मेसेज केला, पूर्ण क्लिप पाठव. चौदा सेकंदांत पाठवली. खाली लिहिलं होतं, दाजी, मशीन मस्त निवडलंय, फक्त लॅपटॉप घ्या.

दुपारी लग्न. मी वरातीत नाचणार आहे असं तेजश्रीला सांगितलं. ती म्हणाली, आधी ती मिठाची बाटली जागेवर ठेवा.