काट्याने टाचलेलं रसग्रहण

माय,

आज नात कॉम्प्युटरवर कवितेचं रसग्रहण लिहीत बसली होती. डावीकडची कोरी जागा आपोआप सुटली आणि मी तिच्या मागे उभी राहून अशी हसले की ती म्हणाली, "आजी, झालं काय तुला?" तिला सांगायला घेतलं तर भाजी करपेल, म्हणून आधी तुलाच सांगते. अर्ध्या गोष्टीत तू होतीसच. उरलेली अर्धी तुला ठाऊक नाही.

मी नववीत होते. तुम्ही दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलात त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मराठीच्या मास्तरांनी पुस्तकातल्या विहिरीच्या कवितेचं रसग्रहण लिहायला सांगितलं होतं, आणि साऱ्या वर्गातून एकच यवतमाळच्या स्पर्धेला जाणार होतं. ते माझंच असावं असं मनाने इतकं घेतलं होतं की निंदायला गेले तरी ओठ हलायचे. तू म्हणायचीस, "तन काढून राह्यली का मंत्र म्हनून राह्यली वं?" मास्तरांचे नियम कडक होते. फुलस्केप कागद, लिहायचं एकाच बाजूने, डावीकडे चार बोटं समास, कवितेची ओळ अवतरणात, आणि खाडाखोड दिसली की कागद परत. मी एकेका कागदाला घडी घालून नखाने दाबली आणि समास पाडला. टाचणी कुठली आणू, बाभळीचा काटा टोचला. कच्चा मजकूर जुन्या वहीच्या पानांवर होता, पाठपोट, काठोकाठ, मुंग्यांची रांग लागल्यासारखा. त्यालाही काटाच.

त्या कच्च्यात एक परिच्छेद होता. कवी म्हणतात की विहीर साऱ्यांची माय आहे, ती कुणाला नाही म्हणत नाही. त्याखाली मी लिहिलं होतं की उन्हाळ्यात आमच्या वस्तीची विहीर आटली की माझी माय गावच्या विहिरीवर जाते, आणि कुणी वरून पाणी ओतेपर्यंत घागर धरून खाली उभी राहते. लिहिलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. पक्क्या प्रतीत त्या जागी निसर्गसौंदर्य, कल्पनेची भरारी, असलं काहीबाही घातलं. जड शब्दांचं लुगडं नेसवलं म्हण ना.

नेमका द्यायच्या दिवशी मला ताप भरला. मी अंथरुणातून म्हटलं, "उशाखालचा कागद मास्तरांना नेऊन दे." उशाखाली दोन्ही होते, हे तापाच्या भरात कुणाला आठवतं! तू वावरात जायच्या आधी आर्णीच्या रस्त्याने शाळेत गेलीस, परत आलीस, विळा घेतलास. मी उशीखाली हात घालते तर पक्की प्रत तिथेच.

"माय, कोणता देल्ला?"

"भरगच्च लिवलेला तो. दुसरा तं अर्धा कोराच होता. मास्तर म्हनले असते, पोरगी कामचुकार आहे."

मी तोंडावर गोधडी ओढून घेतली. संपलं सगळं, असं वाटलं.

तीन दिवसांनी शाळेत गेले तर मधल्या सुट्टीत मास्तरांनी बोलावलं. त्यांच्या हातात ती मुंग्यांची रांग. ते म्हणाले, "हे खोडलं काहून?"

"भेव वाटलं, मास्तर."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "बाकी सगळं तू इकडून तिकडून उचललं. हे एवढंच तुझं, अन् त्यालेच काट मारली? सोमवारी पुन्हा लिहून आण. समास मात्र सोड, मले भांडायले जागा लागते." आणि सहा कोरे फुलस्केप माझ्या हातात दिले. मी घरी चालत आले की उडत, सांगता यायचं नाही.

मग तो रविवार. तू दारात तूर पाखडते आहेस, मी मोठ्याने वाचते आहे. या वेळी मी चांगलाच रंग चढवला होता, 'माझी आई डोळ्यांत आसवं आणून उभी राहते.' तुझं सूप थांबलं.

"रडत कवा होती मी? तुह्या बापाले शिव्या देत उभी राहो. खरं लिव."

मी खोडलं. तू पुढे म्हणालीस, "अन् हे बी लिव. वरची बाई इटाळ होईन म्हनून उंचावरून ओते. अर्धं पानी पायावर. उनात पाय थंडे होत, तेवढाच नफा."

आपण दोघी इतक्या हसलो की तुरीत कोंबड्या शिरल्या. मी पक्की प्रत लिहायला बसले तेव्हा तू वाकून पाहिलंस. "पुन्हा कोरा काहून सोडला?"

"तिथं मास्तर लिहितील."

"पाहुन्याले पाट मांडल्यासारखं म्हन की."

तेच रसग्रहण यवतमाळला गेलं. बक्षीस नाही आलं, पण मास्तरांनी ते भर वर्गात वाचलं, आणि समासात त्यांची लाल शाई एकाच ठिकाणी होती: 'पायांचं वाक्य मला सुचलं नसतं.' तू वस्तीभर सांगत फिरलीस, "कागद म्या नेऊन देल्ला होता." मग मला विचारलंस, "बराबर तोच देल्ला ना?" मी म्हटलं, "हो." पुढच्या वर्षी लग्न झालं, शाळा सुटली. नंतरचं सगळं मी हाती लागेल ते वाचून, चुकतमाकत शिकले, पण समास सोडल्याशिवाय कधी लिहिलं नाही. ह्या कागदालाही चार बोटं सोडली आहेत. तुझ्यासाठी पाट.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मास्तरांना मी भेव सांगितलं, ते खरं नव्हतं. माझ्या बाकावर गावच्या विहिरीवाल्यांची पोर बसायची. ती वाचेल, आणि खाली उभी असणारी ती तू, हे तिला कळेल, म्हणून मी रेघ मारली होती. मला तुझी शरम वाटली होती, माय.